अनोळखी एसटीने रत्नागिरी शहरात जाताना

मुंबईच्या बेस्ट बसप्रमाणे आपल्याकडच्या ग्रामीण एसटीला क्रमांकाने कोणी ओळखत नाही. पावस, शिरगाव, हातखंबा किंवा गणपतीपुळे या बाजूंनी सकाळी रत्नागिरी शहरात येणारी गाडी ओळखली जाते ती वेळेवरून आणि गावावरून: सातची पूर्णगड, शाळेची गाडी, वस्तीची गाडी. कुवारबाव, खेडशी किंवा नाचणे अशा शहराच्या कडेच्या वस्तीत नव्याने राहायला आलेल्या माणसाची पहिली अडचण हीच असते की, ही नावे कोठेही लिहिलेली नसतात आणि ज्यांना ती ठाऊक असतात त्यांना ती वेगळी सांगण्याची गरज वाटत नाही. म्हणून ज्या दिवशी वेळेवर पोहोचणे अगत्याचे आहे, त्याच्या आदल्या संध्याकाळीच थोडी चौकशी करून ठेवावी.

ही चौकशी थांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर किंवा किराणा दुकानात करावी. दुकानदाराच्या दारावरून गाड्या रोज जातात, त्यामुळे फलकावर लिहिलेली वेळ आणि गाडी प्रत्यक्ष येते ती वेळ यांतला फरक त्याला पाठ असतो. बसस्थानकावरच्या वेळापत्रकात जी वेळ असते ती गाडी तिथून सुटण्याची. मधल्या थांब्यावर ती किती वाजता पोहोचेल हे त्यात नसते. त्यातही वस्तीची गाडी कोणती, हे आवर्जून विचारावे. ही गाडी रात्री शेवटच्या गावी मुक्कामाला राहते आणि पहाटे तिथूनच शहराकडे निघते. शहरातून रिकामी येऊन मग परत फिरणाऱ्या गाडीला जाताना उशीर झाला की येतानाही होतो. वस्तीच्या गाडीला हा धोका नसल्यामुळे सकाळच्या कामासाठी तीच अधिक भरवशाची असते. मात्र तिला गर्दीही तशीच असते.

गाडी समोर आली की पाटीवरचे मोठे अक्षर वाचून लगेच चढू नये. कधी कधी परतीच्या फेरीला पाटी बदलायची राहून जाते आणि शहराकडे निघालेल्या गाडीवर गावाचेच नाव झळकत असते. पाटी बरोबर असली तरी ती फक्त दोन टोके सांगते. आपले काम होणार की नाही हे ‘मार्गे’ या शब्दापुढे काय आहे त्यावर ठरते. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला येणाऱ्या गाड्यांचे उदाहरण घ्यावे. आरे-वारेवरून येणारी गाडी समुद्राच्या कडेने, शिरगावच्या बाजूने शहरात शिरते. निवळीवरून येणारी गाडी बराच लांबचा वळसा घेऊन मुंबई-गोवा महामार्गावर येते आणि हातखंबा, कुवारबाव, मारुती मंदिर अशी वरच्या अंगाने शहरात उतरते. ज्याला थेट बसस्थानकाजवळ काम आहे, त्याने पहिली धरावी; पण ज्याला कुवारबावला उतरून रेल्वे स्थानक गाठायचे आहे, त्याला दुसरी लांबची असूनही सोयीची पडते, कारण पहिल्या गाडीने आल्यास शहरात उतरून पुन्हा मागे जावे लागते. (निवड करण्याइतका वेळ हाताशी असेल, तर आरे-वारेची गाडी घेऊन उजव्या बाजूच्या खिडकीशी बसावे. शहराकडे येताना समुद्र त्याच बाजूला असतो आणि सकाळचे ऊन डाव्या बाजूला राहते.)

हातखंब्याच्या तिठ्याविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण नवखा माणूस चुकतो तो बहुधा येथेच. मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरी शहराकडे जाणारा रस्ता या तिठ्यावर फुटतो, आणि शहर तिथून काही किलोमीटर पश्चिमेला आहे. महामार्गावरून धावणाऱ्या लांब पल्ल्याच्या काही गाड्या शहरात जातात, तर काही तिठ्यावर प्रवासी उतरवून सरळ निघून जातात. त्यामुळे संगमेश्वर, पाली किंवा लांजा या बाजूंनी येणाऱ्याने वाहकाला ‘रत्नागिरीला जाते का?’ एवढेच विचारून भागत नाही. तिठ्यापुरते तिकीट असणाऱ्यालाही होकारार्थी उत्तर मिळू शकते आणि त्यात वाहकाची लबाडी नसते, कारण त्याच्या दृष्टीने रत्नागिरीचा फाटा आलेलाच असतो. ‘गाडी आत स्टँडपर्यंत जाते की तिठ्यावरून सरळ जाते?’ असे विचारावे. तिठ्यावर उतरावे लागलेच, तर शहराकडे जाणारी दुसरी एसटी किंवा वडाप, म्हणजे प्रवासी घेणारी खासगी गाडी, मिळते. पण भिजत उभे राहण्याची तयारी हवी.

प्रश्न नेहमी आपल्या उतरण्याच्या थांब्याचे नाव घेऊनच विचारावा. ‘मारुती मंदिराला थांबेल ना?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असे नेमके उत्तर मिळते. ‘शहरात जायचे आहे’ या सांगण्याला कसलेच उत्तर मिळत नाही. हातखंब्याकडून येताना कुवारबाव, साळवी स्टॉप, मारुती मंदिर, माळ नाका, जयस्तंभ आणि मग बसस्थानक असा क्रम लागतो, हे ध्यानात ठेवले तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. जिल्हाधिकारी कार्यालयात काम असेल तर जयस्तंभाला उतरावे, स्थानकापर्यंत जाऊन पुन्हा चढ चढण्याचे कारण नाही. जलद गाड्या यांपैकी प्रत्येक ठिकाणी थांबत नाहीत, हेही चढण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

गाडीत बसल्यावर वाहक येईपर्यंत सुटे पैसे हातात काढून ठेवावेत. आता बहुतेक वाहकांकडील यंत्रावर क्यूआर कोड दाखवून पैसे घेता येतात, परंतु चढउताराच्या रस्त्यावर मोबाइलचे नेटवर्क मध्येच जाते आणि मागे दहा जण तिकिटासाठी खोळंबलेले असतात. अशा वेळी दहा-वीसच्या नोटांना पर्याय नाही. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याने आकारले जाते. त्यामुळे तिकिटावर आपल्या थांब्याऐवजी जवळच्या टप्प्याचे नाव छापून आले, तर गोंधळून जाऊ नये; आपण सांगितलेल्या ठिकाणापर्यंत ते चालते ना, एवढे विचारले की झाले. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट लागते. 17 मार्च 2023 पासून महिलांनाही अर्धे तिकीट आहे. 65 ते 75 वर्षांच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे असून 75 वर्षांपुढील नागरिकांचा प्रवास ऑगस्ट 2022 पासून विनामूल्य झाला आहे. मात्र त्यांनीही शून्य रकमेचे तिकीट घेणे आवश्यक असते आणि वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ बाळगावे लागते. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या एसटीच्या शहर बसमध्ये मात्र या सवलती गृहीत धरू नयेत, वाहकाला विचारून मगच पैसे काढावेत. तिकीट उतरेपर्यंत जपून ठेवावे, कारण तपासनीस मध्येच एखाद्या फाट्यावर गाडीत चढतात.

उतरण्याची तयारी आपल्या थांब्याच्या आधीच्या थांब्यापासून करावी, म्हणून त्या आधीच्या थांब्याचे नाव माहीत असणे हे स्वतःच्या थांब्याच्या नावाइतकेच महत्त्वाचे आहे. सकाळच्या गर्दीत वाहक मागच्या बाजूला अडकलेला असतो. तेव्हा शेजारच्या माणसाला सांगावे, निरोप तोंडोतोंडी मागे जातो आणि घंटा वाजते. एक घंटा थांबण्याची आणि दोन घंटा निघण्याच्या, हा संकेत कळला की गाडी आपल्यासाठी थांबत आहे की नाही याचा अंदाज बसल्या जागी येतो.

परतीचा विचार शहरात पाय ठेवतानाच करावा. रत्नागिरीत मुख्य बसस्थानक आणि रहाटाघर अशी दोन ठिकाणे आहेत, आणि सकाळी ज्या ठिकाणी आपण उतरलो तिथूनच संध्याकाळची गाडी सुटेल असे नाही. उतरताना वाहकालाच परतीची जागा आणि शेवटच्या गाडीची वेळ विचारावी. नंतर चौकशी खिडकीवर जाऊन तीच वेळ पुन्हा पडताळून घ्यावी. ही दुहेरी चौकशी अनावश्यक वाटेल, पण आडगावाची शेवटची गाडी पुष्कळदा दिवेलागणीलाच सुटते, आणि ती चुकल्यावर रिक्षाचे जे भाडे पडते त्यात एसटीच्या कितीतरी फेऱ्या होतात.

वेळा बिघडण्याचेही काही ठरलेले हंगाम आहेत. गणेशोत्सवानंतर चाकरमान्यांना मुंबईला परत नेण्यासाठी आगारातल्या गाड्या जादा फेऱ्यांवर जातात आणि गावोगावच्या नेहमीच्या फेऱ्या ऐनवेळी रद्द होतात. शिमग्यातही थोड्याफार प्रमाणात हेच घडते. चाकरमान्यांची सोय झाली पाहिजे यात वाद नाही, परंतु त्याच आठवड्यात रुग्णालयाची तारीख असलेल्या गावातल्या माणसाचा विचार कोणी करीत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत केवळ विद्यार्थ्यांसाठी असणाऱ्या फेऱ्या बंद असतात, आणि रविवारचे गणितही निराळे असते. पावसाळ्यात कोठे दरड आली, कोठे मोरीवरून पाणी गेले, की गाडी दुसऱ्या मार्गाने वळवली जाते. त्यामुळे जूनपासून पुढे नेहमीच्या आधीची एक गाडी धरण्याची सवय लावून घ्यावी, खिडकीकडची ओली जागा पुसण्यासाठी एखादे फडके पिशवीत ठेवावे आणि भिजलेली छत्री मांडीवर न घेता पायाशी उभी करावी. मासळी न्यायची असेल तर ती घट्ट झाकणाच्या डब्यात न्यावी. पाणी गळणारी पिशवी पाहून वाहकाने हरकत घेतली, तर त्याचे काही चुकत नाही.

गाडी अंगवळणी पडली आणि रोजचे जाणे-येणे ठरले, की पासाचा हिशेब करावा. एसटीच्या मासिक पासात 20 दिवसांचे भाडे भरून 30 दिवस प्रवास करता येतो, तर त्रैमासिक पासात 50 दिवसांच्या भाड्यात 90 दिवस. पूर्ण तिकीट काढणाऱ्या आणि आठवड्यातून सहा दिवस शहरात जाणाऱ्या माणसाला मासिक पास निश्चित परवडतो. पाच दिवसांच्या आठवड्यात फायदा जेमतेम दोन दिवसांच्या भाड्याइतकाच उरतो आणि महिन्यात दोन-तीन सुट्ट्या आल्या की तोही जातो. अर्ध्या तिकिटाने प्रवास करणाऱ्या महिलांनी मात्र पूर्ण भाड्याच्या हिशेबाने काढलेला मासिक पास घेऊ नये, कारण महिन्याचे तीसही दिवस अर्धे तिकीट काढले तरी खर्च पंधरा दिवसांच्या पूर्ण भाड्याएवढाच होतो.