डायस्टोलिक मर्मर ऐकूच येत नाही? मग हे वाचा

मिरज मेडिकलला मेडिसिनच्या पोस्टिंगला आमची पळापळ मिरज सिव्हिल ते सांगली सिव्हिल अशी चालायची आणि दोन्हीकडं पोरांची एकच रड, सिस्टोलिक मर्मर (हृदय आकुंचन पावताना येणारा जादा आवाज) कळतो पण डायस्टोलिक (हृदय सैल पडताना येणारा) काय सापडत नाही. सापडणार कसा, पेशंट उताणा झोपलाय आणि आपण स्टेथो लावून डोळे मिटून उभे! या मर्मरसाठी पेशंटला उठवावं, वळवावंच लागतं.

आधी टायमिंग. बोट कॅरोटिडवर (मानेतली नाडी) ठेवा, रेडियलवर (मनगटातली) नको, ती जरा उशिरा लागते. ठोक्याबरोबर येतो तो एस-वन (हृदयाचा पहिला आवाज), त्यानंतरचा एस-टू (दुसरा). एस-टूनंतर आवाज आला तर डायस्टोलिक, आणि हा सहसा इनोसंट (निरुपद्रवी) नसतो, इको (हृदयाची सोनोग्राफी) लागतोच.

मग "काका, उठून बसा, थोडं पुढं वाका, श्वास सगळा सोडून धरून ठेवा". स्टेथोचा डायफ्राम (सपाट बाजू) दाबून स्टर्नमच्या (छातीचं मधलं हाड) डाव्या कडेला बरगड्यांमधल्या तिसऱ्या-चौथ्या स्पेसमध्ये ऐका. एस-टूला चिकटून सुरू होणारा, विरत जाणारा बारीक आवाज म्हणजे एआर (एओर्टिक रिगर्जिटेशन, एओर्टिक झडपेतून रक्त उलटं गळणं). बीपी 160/50 असं काही दिसलं, पल्स कोलॅप्सिंग (जोरात उसळून लगेच पडणारी) लागली की कान आपोआप तिकडं जातो. तसाच आवाज पण पी-टू (एस-टूचा पल्मनरी झडपेचा भाग) मोठा आणि पल्स साधी, तर पल्मनरी हायपरटेन्शनचा (फुफ्फुसाच्या धमनीतला वाढलेला दाब) ग्रॅहम स्टील मर्मर आठवा.

एमएसला (मायट्रल स्टेनोसिस, मायट्रल झडप अरुंद होणं) "मावशी, डाव्या कुशीवर वळा", आणि एपेक्सवर (हृदयाचं टोक) बेल (स्टेथोची वाटीसारखी बाजू) हलकेच टेकवायची, दाबली की तिचा डायफ्राम होतो आणि मर्मर गायब. एस-वन ठसठशीत, एस-टूनंतर ओपनिंग स्नॅप (झडप उघडतानाची टिचकी), मग जात्यासारखी घरघर. मर्मर किती मोठा यावरून सिव्हिरिटी सांगू नका, किती लांब चालतो आणि स्नॅप एस-टूच्या किती जवळ आलाय ते सांगा, व्हायवात हमखास इथंच पकडतात. आणि एएफ (एट्रिअल फिब्रिलेशन, म्हणजे एट्रियमची, हृदयाच्या वरच्या कप्प्याची, विस्कळीत थरथर) असताना प्रीसिस्टोलिक अ‍ॅक्सेंच्युएशन (एस-वनच्या जरा आधी मर्मर वाढणं) ऐकलं म्हणून ठोकून देऊ नका, एट्रियम नीट आकुंचन पावतच नाही तर ते येणार कुठनं!

सिव्हिअर एआरमध्येही एपेक्सवर अशीच घरघर येते, ती ऑस्टिन फ्लिंट, पण तिथं स्नॅप नाही आणि एस-वनही मोठा नाही. श्वास आत घेतल्यावर घरघर वाढली तर टीएस (ट्रायकस्पिड स्टेनोसिस, ट्रायकस्पिड झडप अरुंद होणं).

एंडोकार्डायटिसमुळं (हृदयाच्या अस्तराचा आणि झडपांचा संसर्ग) अचानक झालेला एआर मात्र यात कुठंच बसत नाही, मर्मर आखूड, मऊ, पल्स कोलॅप्सिंग नाही आणि पेशंट धापा टाकतोय. तिथं कान लावून बसू नका, सिनिअरला फोन करा.