मुलांना घेऊन एकटीने विमानप्रवास: सामान किती आणि कसं न्यायचं

सध्या पुण्यात कोथरूडला आईकडे आलेय, पुढच्या शुक्रवारी परत न्यू जर्सी. हॉलमध्ये बॅगा उघड्या पडल्यात आणि या तीन आठवड्यांत सोसायटीतल्या दोघीजणी येऊन एकच गोष्ट विचारून गेल्या, की नवरा एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेला पुढे गेलाय, घर भाड्याने घेतलंय, आता मी मुलांना घेऊन मागून जाणार तर एकटीने सामानाचं कसं करायचं. दोघींना तासतासभर सांगितलं तरी रात्री सुटलेलंच आठवत राहिलं, म्हणून सगळं लिहून काढते. मी ११ वर्षांपूर्वी अशीच निघाले होते, मुलगी साडेचार वर्षांची आणि मुलगा दीड. नंतरही बहुतेक वेळा एकटीनेच केलाय हा प्रवास, कारण नवऱ्याला एवढी सलग रजा मिळत नाही.

सगळ्यात आधी हे, की तिकिटावर जेवढं सामान चालतं तेवढं न्यायलाच हवं असं नाही. अमेरिकेच्या बऱ्याच तिकिटांवर माणशी २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात, मुलाचं वेगळ्या सीटचं तिकीट असेल तर त्याच्याही दोन, आणि मांडीवरच्या बाळाची म्हणून बऱ्याच कंपन्या एक देतात. म्हणजे आई आणि दोन मुलं मिळून पाच बॅगा, ११५ किलो. घरात सगळ्यांचं एकच चालू असतं, अगं हक्काचं वजन आहे, सोडायचं कशाला. आई, सासूबाई, मावशी सगळ्या मायेनेच म्हणतात, पण त्यांच्या डोळ्यांसमोर मुंबईचा काउंटर असतो, तिथे बॅगा ठेवल्या की सुटलो असं वाटतं. ते सामान पुढे परत आपल्या अंगावर येतं आणि तेव्हा बरोबर कुणी नसतं.

अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन होतं, तिथेच सगळ्या चेक-इन बॅगा स्वतः बेल्टवरून उतरवायच्या, कस्टम्समधून न्यायच्या आणि पुढचं विमान असेल तर परत जमा करायच्या. मुंबईत शेवटच्या गावापर्यंतचा टॅग लावून दिलेला असला तरीसुद्धा. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. वीसेक तासांचा प्रवास झालेला, मुलगा कडेवर झोपलेला, मुलगी ट्रॉलीचा दांडा धरून उभी. एका हाताने २३ किलोची बॅग फिरत्या बेल्टवरून ओढायला गेले तर मुलाचं डोकं मागे लटकलं, तो दचकून रडायला लागला, मी बॅग सोडून दिली आणि ती आत निघून गेली. तेवढ्यात मुलगी म्हणाली आई शू लागलीय. बॅगा टाकून जाता येत नाही, मुलांना टाकून तर नाहीच. तिथेच तिची पँट ओली झाली, बिचारी काही न बोलता माझ्याकडे बघत उभी राहिली, आणि कोरडी पँट त्या पाचव्या बॅगेत, जी अजून बेल्टवर आलीच नव्हती. पुढचं विमान चुकलं ते चुकलंच, पण मला अजून आठवतो तो तिचा चेहरा.

तेव्हापासून माझा नियम असा की एक हात मुलाचा, आणि उरलेल्या हाताने एका फेरीत जेवढं हलेल तेवढंच सामान. एका ट्रॉलीवर दोन मोठ्या आणि एक मधली बॅग नीट बसते, म्हणून चेक-इनच्या तीनच. मधली पण १५-१६ किलोचीच भरा, ती सगळ्यात वर चढवायची असते. शंका असेल तर निघायच्या आधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाळाला कॅरियरमध्ये बांधून, मोठ्याचा हात धरून भरलेल्या बॅगा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन बघा, लोक बघतील तर बघू देत. तिथे जमलं नाही तर परदेशातल्या विमानतळावर जागरणानंतर नक्कीच जमणार नाही. आणि हो, अमेरिकेत बऱ्याच विमानतळांवर ट्रॉलीला पैसे पडतात, कार्ड लागतं, ते पर्सच्या तळाशी ठेवू नका.

तिकीट अजून काढलं नसेल तर अबू धाबीमार्गे जाणारं विमान बघा. तिथे २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स अबू धाबीलाच करून घेतात, मग अमेरिकेत उतरल्यावर देशातल्या देशात आल्यासारखं बाहेर पडायचं, आणि एकाच तिकिटावर पुढचं विमान असेल तर बॅगा थेट शेवटच्या गावीच घ्यायच्या. लहान मुलं असतील तर मी यासाठी चार पैसे जास्त मोजेन. नाहीतर मग अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर किमान साडेतीन-चार तास मध्ये असतील असंच तिकीट घ्या, दीड-दोन तासांचं अजिबात नको.

आता काय नेऊ नये. डाळ, तांदूळ, आटा, पोहे, रवा यातलं काही नेऊ नका, न्यू जर्सीत आणि बहुतेक मोठ्या शहरांजवळ इंडियन ग्रोसरी आहेत, सगळं मिळतं. इथला मिक्सर नेऊ नका, तिथे वीज ११०-१२० व्होल्टची, आपला २३० चा, चालणार नाही. मुलांचे कपडे ढीगभर नको, सहा महिन्यांत तोकडे होतात. कार सीट इथून नेऊ नका, तिथल्या नियमात बसणारीच लागते. न्यायचं ते असं की जे तिथे घरच्या चवीचं मिळत नाही, गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, आणि कुकर, पोळपाट-लाटणं. लाटणं आणि कुकर दोन्ही चेक-इनमध्येच. बाकरवडी-चिवडा घेताना दुकानदाराला परदेशी न्यायचंय असं आधीच सांगा, बरेच जण व्हॅक्युम पॅकिंग करून देतात, मसाल्याचा वास मुलांच्या कपड्यांना लागत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र आपल्याकडे सामानात चालत नाहीत, तेलामुळे पेट घेणारी वस्तू धरतात, बॅग उघडायला लावून काढून घेतात. कढीपत्ता, ताजी फळं, आंबे अमेरिकेत नेता येत नाहीत. मांस-मासळीच्या सुक्या चटण्यांच्या भानगडीत पडू नका. खायचे पदार्थ आहेत का विचारलं की सरळ हो म्हणायचं, काय काय आहे ते सांगायचं, सांगितलं म्हणून कुणी दंड करत नाही, लपवलं की करतात. आणि एक लक्षात ठेवा, मुलाने विमानात अर्धं खाल्लेलं सफरचंद किंवा केळं बॅगेत राहतं आणि बेल्टजवळ वास घेणारे कुत्रे फिरत असतात, ते नेमके तुमच्यापाशी येऊन बसतात. उतरायच्या आधी पिशव्या झटकून घ्या.

युरोपात जाणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. तिथे साध्या तिकिटावर बहुधा माणशी एकच बॅग मिळते, आणि युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, तूप, खवा सगळं बाद. बाळाच्या दुधाची पावडर चालते, दोन किलोपर्यंत.

वजन घरीच करा. हातात धरायचा डिजिटल लगेज काटा मिळतो, पण माझे बाबा अजून बॅगा कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे नेतात, तोही आता ओळखीचा झालाय, काट्यावर बॅग ठेवली की विचारतो यंदा कुठली फ्लाइट. २३ चा आकडा पुरता गाठू नका, २२ ला थांबा. काउंटरवर बॅग उघडून पिशव्या इकडच्या तिकडे करायची वेळ आली की लाइन मागे खोळंबते, मुलं चिडतात आणि त्या गडबडीत पासपोर्ट कुठेतरी ठेवला जातो. भरताना प्रत्येक बॅगेत प्रत्येकाचे दोन दिवसांचे कपडे टाका, म्हणजे एखादी बॅग मागे राहिली तरी कुणीच उघडं पडत नाही.

ओळखीची खूण म्हणून आई जुन्या साडीचा काठ फाडून प्रत्येक बॅगेच्या मुठीला गाठ मारते. यंदा आजीच्या इरकलीचा लाल काठ आहे. काळ्या-निळ्या बॅगांच्या गर्दीत मुलंच ओरडतात, आई आपली लाल गाठ आली! मुलांना तेवढंच काम मिळतं आणि ती एका जागी उभी राहतात. बॅगांचे आतून-बाहेरून फोटो काढा, टॅगच्या स्लिपांचाही काढा. बॅग आली नाही तर बेल्टजवळच्याच काउंटरवर लेखी तक्रार करून तिचा नंबर घेतल्याशिवाय बाहेर पडू नका, मुलं रडत असली तरी. मोडली-फाटली असेल तर लेखी तक्रारीला ७ दिवस असतात, आणि २१ दिवसांत आली नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते.

केबिनचं सामान हा खरा जीव आहे. तुमच्या पाठीवर एक सॅक, आणि गळ्यात आडवी छोटी पर्स, त्यात फक्त पासपोर्ट, बोर्डिंग पास, फोन, पेन, कार्ड. चाकांची केबिन बॅग मी नेत नाही, मुलं बरोबर असताना तिसरा हात कुठून आणायचा. सॅकमध्ये प्रत्येक मुलाचे दोन जोड वेगवेगळ्या झिपच्या पिशवीत, तुमचाही एक टॉप, कारण उलटी नेमकी आपल्याच अंगावर होते. डायपर प्रवासाच्या तासांपेक्षा सहा-सात जास्त. तापाचं औषध, आणि डॉक्टरांची चिठ्ठी ज्यात औषधाचं मूळ नाव लिहिलेलं आहे. क्रोसिन तिथे त्या नावाने मिळत नाही, टायलेनॉल म्हणून मिळतं, आतलं औषध तेच. पॉवर बँक केबिनमध्येच, चेक-इनमध्ये टाकली तर बॅग अडवतात. द्रव पदार्थांना १०० मिलीची मर्यादा असते पण बाळाचं दूध, उकळलेलं पाणी, खीर प्रवासापुरती नेऊ देतात, फक्त ट्रेमध्ये वेगळी काढून दाखवायची.

आणि कागदपत्रांची फाइल, ती कुठल्याही परिस्थितीत चेक-इनमध्ये नको. व्हिसाचे कागद, लग्नाचं सर्टिफिकेट, मुलांचे जन्मदाखले, नवऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र की मुलांना आई एकटी घेऊन येतेय त्याला माझी हरकत नाही. बहुतेक वेळा कुणी बघत नाही, पण विचारलं तर जवळ असावं. सगळ्यात जास्त विसरतात ती लसीकरणाची फाइल. शाळेत नाव घालताना पहिली तीच मागतात, सगळ्या तारखा लागतात, इथल्या डॉक्टरांकडून टाइप करून सही-शिक्क्यानिशी घ्या.

पुण्याहून मुंबई हा अर्धा प्रवास तिथेच होतो असं समजा. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून आंतरराष्ट्रीय विमानं मोजकीच, त्यामुळे अमेरिकेला जाणारे बहुतेक सगळे कॅबनेच मुंबईच्या सहार विमानतळावर जातात. शनिवार-रविवार आणि पावसाळा असेल तर घाटात गाड्या तुंबतात, चार तासांचे सहा होतात, मी विमानाच्या आठ-नऊ तास आधी घर सोडते. बॅगा गाडीच्या टपावरच्या कॅरियरवर टाकू नका, जुलैत ताडपत्री असूनही खंडाळ्यात आमच्या दोन बॅगा आतपर्यंत भिजल्या होत्या आणि तसेच ओले कपडे पुढे गेले. मोठी गाडी सांगा, मागची सीट पाडून बॅगा आत. वळणांवर मुलांना उलट्या होतात त्यासाठीची पिशवी वेगळी, ती परत घरच्यांकडे द्यायची.

मुंबई विमानतळाच्या टी-टू टर्मिनलच्या दारातच घरच्यांचा निरोप घ्यायचा, तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. तिथून पुढे पोर्टर पैसे देऊन मिळतो, घ्या, त्यात वाईट वाटून घेऊ नका. सिक्युरिटीला आपल्याकडे बायकांची तपासणी पडद्याच्या आत होते, तेव्हा पर्स आणि फोन ट्रेमध्ये पुढे निघून जातात आणि मुलं बरोबर असतात. म्हणून ट्रे अगदी शेवटी सोडा, आणि तिथल्या सीआयएसएफच्या बाईंना सांगा एकटी आहे. मला आजपर्यंत कुणी नाही म्हटलं नाही, एकदा तर एकीने मुलाला कडेवर घेऊन बूटसुद्धा घालून दिले.

स्ट्रोलर हलका, एका हाताने मिटणारा हवा. तो विमानाच्या दारापर्यंत नेता येतो, तिथे टॅग लावून घेतात. पण मधल्या विमानतळावर तो दारात परत मिळेल की थेट शेवटी, हे मुंबईच्या काउंटरवरच विचारून घ्या. नाही मिळणार म्हणाले तर बाळाला बांधायचा कॅरियर हाताशी हवाच. विमानात बाळासाठी टांगता पाळणा (बॅसिनेट) हवा असेल तर तिकीट काढल्याबरोबर विमान कंपनीला फोन करून सांगायचं, आयत्या वेळी मिळत नाही, आणि त्याला वजनाची मर्यादा असते.

नवऱ्याला आत बेल्टपर्यंत येता येत नाही, तो कस्टम्सच्या बाहेरच भेटणार. त्याला दोन गोष्टी आठवड्याभर आधी सांगून ठेवा. गाडीत मुलांच्या वयाच्या कार सीट आधीच बसवून आण, त्याशिवाय मुलांना गाडीत बसवता येत नाही. आणि ऑक्टोबरनंतर येणार असाल तर मुलांची जॅकेटं हातात घेऊन उभा राहा, गाडीत ठेवून नाही.