प्रीअँप घेण्यापूर्वी ईआयएनचा आकडा नीट वाचा

घरी ध्वनिमुद्रण सुरू करणाऱ्या बहुतेकांना मुद्रणातली हिस (मागे सतत ऐकू येणारी सूक्ष्म सळसळ) प्रीअँपमुळेच, म्हणजे मायक्रोफोनचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या यंत्रामुळेच, येते असे वाटते, आणि मग खरेदीचा सगळा विचार ईआयएन, म्हणजे प्रीअँपचा स्वतःचा नॉइज इनपुटपाशी किती मानावा हे सांगणाऱ्या एका आकड्याभोवती फिरू लागतो. मीही त्याच आकड्याच्या मागे लागलो होतो, म्हणून त्याविषयी जरा लांबण लावतो.

चांगल्या प्रीअँपचा ईआयएन −128 डीबीयूच्या (विद्युत संकेताची पातळी मोजण्याचे डेसिबल एकक) आसपास असतो; आकडा जितका अधिक उणे, तितका नॉइज कमी. इनपुटला 150 ओहमचा साधा रेझिस्टर जोडला, तरी त्यातल्या औष्णिक हालचालीमुळे 20 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे −131 डीबीयू इतका नॉइज आपोआप निर्माण होतो. त्यामुळे माहितीपत्रकात −133 छापलेले दिसले, तर मोजमाप इनपुट शॉर्ट करून, म्हणजे रेझिस्टरशिवाय, झाले असावे किंवा त्याला ए-वेटिंग, म्हणजे कानाला कमी ऐकू येणाऱ्या कंप्रतांना कमी वजन देणारी गाळणी, लावले असावे. नुसत्या ए-वेटिंगने आकडा दोनेक डेसिबलने सुधारतो. शिवाय हे मोजमाप बहुधा सर्वाधिक गेनवरचे (संकेत जास्तीत जास्त वाढवलेला असतानाचे) असते. स्रोताचा रोध, वेटिंग आणि गेन या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या नसतील, तर त्या आकड्यावरून दोन प्रीअँपची तुलना करू नका.

कंडेन्सर मायक्रोफोन वापरणाऱ्यांनी तर निर्धास्त राहावे. न्यूमन यू87 एआय या मायक्रोफोनचा कार्डिऑइडमधला (मुख्यतः समोरचा आवाज घेण्याच्या रचनेतला) स्वतःचा नॉइज 12 डीबी-ए (ए-वेटिंग लावलेले डेसिबल) आणि संवेदनशीलता प्रति पास्कल 28 मिलिव्होल्ट आहे; हिशेब केला, तर मायक्रोफोनचाच नॉइज प्रीअँपपाशी −111 डीबीयूच्या आसपास पोहोचतो. त्यापुढे प्रीअँप −125 चा आहे की −129 चा, हे कानाला कळणारच नाही. त्यात खोलीतला पंखा आणि खिडकीबाहेरची रहदारी आहेच. ते पैसे जाड पडद्यांवर खर्च करा.

शुअर एसएम7बी या डायनॅमिक मायक्रोफोनची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याचे आउटपुट प्रति पास्कल जेमतेम 1.12 मिलिव्होल्ट असल्याने साध्या बोलण्यासाठीही सुमारे 60 डेसिबल गेन लागतो, आणि तिथे स्वस्त प्रीअँप उघडा पडतो. मायक्रोफोन आणि प्रीअँपच्या मध्ये बूस्टरची (संकेत आधीच थोडा वाढवणारी) डबी लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते मूळ प्रीअँप स्वच्छ असेल तर ती डबी निव्वळ जास्तीचा खर्च आहे.

तटस्थतेबद्दल, म्हणजे प्रीअँपने आवाजात स्वतःची छटा न मिसळण्याबद्दल, माझे मत ठाम आहे. निव्ह 1073 या प्रीअँपच्या ट्रान्सफॉर्मरचा रंग सुंदरच, पण तानपुऱ्याची जवारी जशीच्या तशी उतरवायची असेल, तर पहिला प्रीअँप रंगहीनच असावा. ‘अमुक प्रीअँपने आवाजाला ऊब येते’ असे सांगणाऱ्या ज्येष्ठांचा आदर जरूर ठेवा, मात्र तेच मुद्रण नाव न सांगता त्यांना ऐकवून पाहा. अशी तुलना करताना दोन्ही प्रीअँपची पातळी आधी मीटरवर नेमकी जुळवून घ्या, कारण अर्ध्या डेसिबलने मोठा असलेला आवाजही कानाला विनाकारण अधिक चांगला वाटतो.