माक्याचं तेल घरी काढताना

केसांना लावायच्या या तेलासाठी माका, म्हणजेच भृंगराज, ओळखण्यातच निम्मं काम आहे. भाताचे बांध, पाटाची कड, ओढ्याकाठची ओल, अशा जागी पावसाळ्यात तो आपसूक उगवतो. पानं समोरासमोर, लांबट, हाताला खरखरीत. फूल पांढरं, शर्टाच्या बटणाएवढं. खात्री करायची तर कोवळा दांडा तोडून बोटांत चुरडा. मिनिटा-दोन मिनिटांत बोटं काळी-निळी पडली, तर तो माका. एकदांडी दुरून तशीच वाटते, पण तिचं फूल मधोमध पिवळं असतं, लांब देठावर एकटंच उभं राहतं आणि सुकलं की म्हातारी होऊन उडतं. माक्याचं बी कापूस धरत नाही. पितृपक्षात मंडईत माक्याच्या जुड्या मिळतात, त्यांचीही हीच परीक्षा घ्या.

गटाराकाठचा किंवा फवारणी झालेल्या शेतातला माका घेऊ नका, मग तो कितीही टवटवीत दिसो.

प्रमाण असं: तिळाचं किंवा खोबऱ्याचं तेल 250 मिली, माक्याचा रस 1 लिटर आणि कल्क, म्हणजे पाल्याची बारीक वाटलेली चटणी, 30 ग्रॅम. मुळं काढून पाला दोन-तीन पाण्यांतून धुवा आणि पाणी निथळू द्या. वाटताना लागेल तेवढंच पाणी घाला. जितकं जास्त घालाल तितका वेळ आटवत बसावं लागेल. रस फडक्यातून पिळून त्याच दिवशी वापरा. रात्रभर ठेवला की आंबतो.

कढई लोखंडी चालते, मात्र मोठी हवी. निम्म्याच्या वर भरू नका. तेल कोमट झालं की कल्क घाला, मग रस आणि आच मंद ठेवा. तीन-चार तास सहज लागतात. शेवटच्या अर्ध्या तासात कढईजवळून हलू नका, कारण कल्क तळाला धरतो आणि एकदा करपला की तो वास तेलातून जात नाही.

तेल झालं हे घड्याळावर ठरत नाही. चमच्यावर थोडा कल्क काढा, निवला की बोटांत वळा. वात वळली पाहिजे. ती ज्योतीवर धरल्यावर तडतडली तर पाणी अजून आहे. न तडतडता पेटली आणि कढईत तेलावर फेस आला, की लगेच गॅस बंद करा. कल्क कडक होऊन चुरा व्हायला लागला असेल तर तेल जास्त शिजलं.

कोमट असतानाच सुती कापडातून गाळा, दोन दिवस स्थिर ठेवा आणि वरचं नितळ तेल कोरड्या काचेच्या बाटलीत भरा. तळाचा गाळ टाकून द्या. घरच्या तेलाला आठवड्यात कुबट वास येतो तो बहुतेक वेळा राहिलेल्या पाण्यामुळे, किंवा बाटली ओली असल्यामुळे. थंडीत खोबरेल गोठलं तर मात्र ते बिघडलेलं नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवा.

टकलावर केस उगवतील या भरवशावर हा खटाटोप करू नये. गाजरगवत किंवा शेवंतीनं ज्यांना खाज सुटते, त्यांनी आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट पाहावी. माका त्याच कुळातला आहे.