जुन्या स्पोर्ट्स गाडीचे अस्सल स्टीअरिंग कसे ओळखावे

कोकण किनाऱ्यावर जुन्या गाडीचे सुटे स्टीअरिंग विकत घेणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी, ती ही की येथे गंज हा वयाचा पुरावा ठरत नाही. मालवण, दापोली किंवा रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत अगदी नवी नक्कलसुद्धा दोन पावसाळे पडवीत टांगून ठेवली, तर क्रोमवर पुटकुळ्या येतात, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि वॉर्निशचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून वरवरच्या कळेपेक्षा बांधणी, खुणा आणि झीज यांचा एकमेकींशी मेळ बसतो का, हे पाहावे.

विक्रेत्याचा दावा नेमका काय आहे, हेही आधी विचारून घ्यावे. कारखान्यातून गाडीबरोबर आलेले स्टीअरिंग आणि त्याच काळात मालकाने हौसेने बाजारातून आणून बसवलेले स्टीअरिंग यांच्या किमतीत मोठा फरक पडतो. तुरीनच्या एन्रिको नार्दी यांच्या कंपनीची लाकडी रिमची स्टीअरिंगे १९५०च्या दशकापासून अनेकांनी हौसेने बसवून घेतली. ती जुनी आणि अस्सल असली, तरी प्रत्येक गाडीची मूळ ठरत नाहीत. मोमो ही कंपनी तर १९६०च्या दशकाच्या मध्यास उदयाला आली, तेव्हा १९५०च्या दशकातील गाडीवर तिचे नाव दिसले, तर ते स्टीअरिंग नंतरचे आहे हे उघड आहे.

मॉडेलनिहाय काही गोष्टी ठाऊक असल्या, तर निम्मा निकाल तिथेच लागतो. मर्सिडीझ ३०० एसएलच्या पंखासारखी दारे असलेल्या १९५४ ते १९५७ च्या गाडीत चालकाला आत शिरता यावे म्हणून स्टीअरिंग मध्याशी मुडपता येत असे. त्या गाडीचे म्हणून दाखवलेल्या नगाला ही सोय नसेल, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. जॅग्वार एक्सके १२० चे स्टीअरिंग चार स्पोकचे होते. १९६१ साली आलेल्या ई-टाइपला लाकडी रिम आणि ॲल्युमिनियमचे तीन स्पोक होते, तर १९७१ पासूनच्या तिसऱ्या मालिकेत चामड्याने मढवलेली रिम आली.

यानंतर स्टीअरिंग उलटे करावे. नक्कल करणारा सगळी मेहनत समोरच्या बाजूवर घेतो, आणि पाठ बहुधा खरे बोलते. कारखान्याचे ठसे, भाग क्रमांक, कधी महिना-वर्ष हे सारे मागच्या बाजूला सापडते. ठशाच्या कडा मूळ झिलईसोबत झिजलेल्या असाव्यात, झिजलेल्या धातूवर ताज्या कोरलेल्या नसाव्यात. वर्तुळात इंग्रजी 'ई' आणि शेजारी आकडा अशी वाहनांच्या भागांना मिळणाऱ्या मान्यतेची खूण १९५८ च्या जिनिव्हा करारानंतरच वापरात आली. १९५५ च्या गाडीचे म्हणून दाखवलेल्या स्टीअरिंगवर ती आढळली, तर वाद संपला.

लाकडी रिमच्या बाबतीत कोकणात विशेष सावध राहावे लागते, कारण येथे हात चांगले आहेत आणि लाकूडही. सावंतवाडीच्या परिसरात कातकामाची जुनी परंपरा आहे, आणि तुटलेली रिम स्थानिक कारागिराकडून नव्याने करून घेणे यात गैर काही नाही. मात्र ती मूळ म्हणून विकली जाऊ नये. फणसाचे लाकूड ताजे असताना पिवळे असते आणि वर्षांगणिक तांबूस-तपकिरी होत जाते, त्यामुळे त्याची रिम वरवर पाहता महोगनीची वाटू शकते. वॉर्निश उडालेल्या जागी किंवा रिव्हेटच्या कडेला, जिथे उजेड पोहोचलेला नाही, तिथे भिंगाने पाहावे; फणस असेल, तर आत पिवळा रंग डोकावतो. रिव्हेटांची डोकी आणि लाकडाच्या थरांमधील सरसाच्या रेषाही तपासाव्यात. रिव्हेट एका आकाराचे व समान अंतरावर हवेत. एखाद्या ठिकाणी त्याऐवजी स्क्रू दिसला, तर रिम उघडली गेली होती असे समजावे. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च मारल्यास जुने लाखेचे पॉलिश नारिंगी चमकते, तर आधुनिक इपॉक्सी बहुधा निळसर-पांढरे दिसते.

प्लास्टिकसदृश रिमसाठी नाक पुरेसे आहे. कापडाने घासून गरम केल्यावर कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, कार्बोलिकसारखा उग्र वास आला तर बेकलाइट. तापलेली सुई टोचण्याचा सल्ला अनेक जण देतात. सेल्युलॉइड झटकन पेट घेते, म्हणून तो प्रयोग कुणीही करू नये.

झीज तपासताना गाडीत स्टीअरिंग उजव्या बाजूला होते की डाव्या, हे लक्षात घ्यावे. आपल्याकडील गाडीत डावा हात गिअरकडे जातो आणि उजवा रिमवर राहतो, त्यामुळे उजवी बाजू, त्यातही बोटे वळतात ती खालची कड, सहसा जास्त गुळगुळीत होते. संपूर्ण वर्तुळावर सारखीच झीज दिसली, तर सँडपेपरचा संशय घ्यावा. मधला बॉस, म्हणजे स्टीअरिंगला कॉलमशी जोडणारा भाग, अनेकदा निराळा येतो. त्याच्या आतील दाते मोजून गाडीच्या स्टीअरिंग कॉलमच्या दात्यांशी पडताळावेत, कारण विक्रेते स्टीअरिंग एका गाडीचे आणि बॉस दुसऱ्या गाडीचा असे जोडून देतात.

विक्रेता दूरचा असेल, तर पाठ, बॉसचे दाते आणि रिमची खालची कड यांची उजेडात काढलेली छायाचित्रे आधी मागवावीत. ती देण्यास टाळाटाळ झाली, तर इसार म्हणून आगाऊ रक्कम देऊ नये. अस्सल नग हाती आला आणि तो सेल्युलॉइडचा निघाला, तर पावसाळ्यात तो प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये, कारण कुजणाऱ्या सेल्युलॉइडमधून निघणारे आम्ल आतच कोंडते आणि स्पोक खाऊन टाकते. तो हवेशीर कपाटात, चुलीपासून व देवघरातील दिव्यापासून दूर ठेवावा, आणि रिमला तडे गेले असतील तर रस्त्यावर चालवण्यासाठी दुसरे स्टीअरिंग बसवावे.