ट्रॅव्हल टीममध्ये मुलीचं नाव लागलं, आता घरात काय ठरवायचं?

दर ऑक्टोबरात मला एखाद्या नवीन आलेल्या आईचा फोन येतो. मुलगी चौथी-पाचवीत, भारतातून अमेरिकेत येऊन वर्षही झालेलं नसतं. वर्गातल्या मैत्रिणी बास्केटबॉलच्या ट्रायआउटला, म्हणजे निवड चाचणीला, निघाल्या म्हणून हीसुद्धा गेली, पाठीवर नंबर चिकटवून दोन संध्याकाळी पळाली, आणि आता टीममध्ये निवड झाल्याचं ईमेल आलंय. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ट्रॅव्हल म्हणजे कुठे कुठे जायचं हो? विमानाने?" मी मॅसॅच्युसेट्समध्ये 18 वर्षं आहे आणि माझी लेक चौथीपासून आठवीपर्यंत आमच्या गावाच्या टीममध्ये खेळली. फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगते ते इथे सलग लिहिते.

विमान लागत नाही. गावात बहुतेक दोन प्रकार असतात. 'रेक' म्हणजे गावातल्या गावात, नाव नोंदवलेल्या प्रत्येक मुलीला घेणारी लीग. 'ट्रॅव्हल' म्हणजे इयत्तेप्रमाणे निवडलेली गावाची टीम, जी आजूबाजूच्या गावांशी खेळते. एका वीकेंडला मॅच आपल्या शाळेच्या जिममध्ये, पुढच्या वीकेंडला अर्ध्या-पाऊण तासावरच्या दुसऱ्या गावात. तिसरं एक नाव कानावर येईल, एएयू. अमॅच्युअर ॲथलेटिक युनियन ही 1888 सालची संस्था, आणि तिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्लब टीम बऱ्याचदा गावाचा सीझन संपल्यावर वसंतात जोर धरतात. तिथे एका वीकेंडला तीन-चार मॅचेस, दूरची स्पर्धा असेल तर हॉटेल, बघायला आत जायचंही तिकीट, आणि फी गावाच्या टीमच्या कितीतरी पट. पहिल्या वर्षी त्यात पडू नका. गावाची टीम आधी नीट खेळू द्या. तिची फीसुद्धा जड वाटत असेल तर सवलत आहे का ते विचारा. बऱ्याच गावांत ती असते, ती गुपचूप दिली जाते, आणि विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

आता मुख्य गोष्ट. सीझन साधारण डिसेंबरच्या सुरुवातीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत. आठवड्याला एक किंवा दोन प्रॅक्टिस, वीकेंडला मॅच. म्हणजे नेमकी ती वेळ, जेव्हा आपण भारतात जातो.

आमच्या पहिल्या वर्षी आम्हीही गेलो. नणंदेचं लग्न, तिकिटं जूनमध्येच काढलेली. कोचना सांगायला हवं हे मला सुचलंच नाही. आपल्याकडे शाळेत 'गावी जातोय' अशी चिठ्ठी दिली की भागतं, तसंच इथे असेल असं वाटलं. निघायच्या दोन दिवस आधी ईमेल केलं. टीममध्ये नऊच मुली होत्या. त्या तीन आठवड्यांत दोघींना फ्लू झाला, एकीचा हात दुखावला, आणि एका शनिवारी पाचच मुली उरल्या. बदली कुणी नाही. त्या पाच जणी पूर्ण मॅच खेळल्या, शेवटी त्यांतली एक पाय मुरगळूनही मैदानातच राहिली, कारण ती बसली असती तर चौघीच उरल्या असत्या. परत आल्यावर माझ्या लेकीला हे मैत्रिणींकडून कळलं. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही, पण ती रात्र मी विसरलेले नाही.

म्हणून सांगते, 'हो' म्हणण्याआधी घरात कॅलेंडर काढून बसा. भारताची तिकिटं असतील तर ट्रायआउटच्या वेळीच सांगा, तारखांसकट. कोच रागावत नाहीत. आधी माहीत असलं तर ते एक मुलगी जास्त घेतात, किंवा शेजारच्या टीममधून कुणाला बोलावून ठेवतात. मराठी शाळा रविवारी असेल तर तिथल्या शिक्षिकेशीही सीझनच्या सुरुवातीलाच बोला. आमच्या बाई फार समजूतदार होत्या. हुकलेल्या दिवसाचा अभ्यास घरी करून दाखवायचा, एवढीच त्यांची अट. माझी लेक परगावच्या मॅचला जाताना गाडीत बाराखडी म्हणायची आणि मागे बसलेल्या दोन अमेरिकन मुलीही तिच्याबरोबर म्हणायच्या.

त्या मुली मागे बसलेल्या असायच्या, कारण कारपूल. नवीन घरांना याचाच संकोच वाटतो. दुसऱ्याला त्रास कशाला द्यायचा म्हणून नवरा ऑफिसमधून धावत येतो, आई धाकट्याला गुंडाळून बर्फातून नेते. कृपा करून असं करू नका. टीमच्या पहिल्याच मीटिंगमध्ये आपल्या बाजूला कोण राहतं ते विचारा आणि स्वतः म्हणा, "मंगळवारी मी नेते." आधी तुम्ही दोनदा न्या, मग मागायला जड जात नाही. जानेवारीतल्या रस्त्यावर दिसत नाही असा बर्फाचा पातळ थर असतो, तेव्हा पंधरा मिनिटं लवकर निघा. मॅच सुरू होण्याच्या अर्धा तास आधी पोचायचं असतं. दिलेली वेळ ही पोचायची वेळ नव्हे, खेळ सुरू व्हायची असते.

दुसरं काम स्कोअर टेबलचं. आपल्या गावात मॅच असली की घड्याळ चालवायला आणि गुणांची वही लिहायला बहुतेक वेळा पालकच बसतात. घाबरू नका, वही शिकून घ्या. प्रत्येक खेळाडूच्या नंबरापुढे बास्केट पडली की 2 किंवा 3 लिहायचं, फ्री थ्रोला (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या नेमाला) छोटं वर्तुळ काढायचं, गेला तर भरायचं, हुकला तर रिकामं ठेवायचं. फाउल मोजायचे. पाचवा झाला की ती मुलगी बाहेर, म्हणून चौथा झाल्यावर डोळ्यांत तेल घालून बसायचं. टेबलावर बसलेल्याने आपल्या मुलींसाठी ओरडायचं नसतं, एवढं पाळा. मला हा खेळ त्या वहीने शिकवला. त्याआधी मी फक्त माझ्या मुलीकडे बघत होते. वही लिहायला लागल्यावर दहाच्या दहा मुली दिसायला लागल्या.

खाऊचं कधीतरी तुमच्याकडे येईल. आपला पहिला विचार दाण्याचे लाडू, चिक्की. तो सोडा. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल इथल्या टीममध्ये असू शकतं आणि ती ॲलर्जी जिवावर बेतू शकते. काजू-बदामांचंही विचारून घ्या. संत्र्याच्या फोडी, द्राक्षं, साधे प्रेट्झेल पुरतात. आपल्या मुलीला घरून निघण्याआधी मात्र आपलंच खायला द्या. मॅचच्या दोन-तीन तास आधी पोहे, उपमा, नाहीतर मऊ खिचडी, आणि निघताना एक केळं. शाकाहारी घरांनी लोहाकडे लक्ष ठेवावं. नऊ ते तेरा वर्षांच्या मुलीला दिवसाला 8 मिलिग्रॅम लोह लागतं, चौदाव्या वर्षापासून 15. मटकी, मसूर, पालेभाज्यांवर लिंबू पिळून द्या, त्याने ते अंगी लागतं. पाळी सुरू झालेली मुलगी खेळताना लवकर दमायला लागली तर 'ताकद कमी पडते' म्हणून सोडू नका, डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्या.

अंगावरचे दागिने घरी काढून ठेवायचे. बांगडी, कानातलं, नाकातली चमकी, काहीच चालत नाही. चिकटपट्टी लावूनही रेफरी बहुधा मान्य करत नाहीत. ज्यांना मुलीचे कान किंवा नाक टोचायचं असेल त्यांनी मार्चच्या शेवटी, सीझन संपल्यावर टोचावं, कारण नुकतं टोचलेलं आठवडेच्या आठवडे काढता येत नाही. गळ्यातला किंवा मनगटावरचा दोरा श्रद्धेचा असेल तर कोचशी आधी बोला. खेळायचे बूट पिशवीत न्यायचे आणि जिममध्येच घालायचे. रस्त्यावरचं मीठ आणि बर्फाचं पाणी तळव्याला लागलं की लाकडी जमिनीवर पाय घसरतो. चेंडू घेताना दुकानात माप विचारा. मुलींचा चेंडू 28.5 इंच घेराचा, मुलग्यांचा मोठा 29.5 इंचांचा. अगदी लहान इयत्तांना 27.5. मोठ्या भावाच्या चेंडूने सराव केला तर मुलीचा हात चुकीचा वळतो. शॉर्ट्सखाली लेगिंग्ज घालायच्या असतील तर मुलीला घालू द्या. टीमचा रंगाचा नियम तेवढा विचारून घ्या. पॅड आणि एक जादा शॉर्ट्स बॅगेत कायम हवेत. हे बोलणं अकराव्या वर्षीच करून टाका. बाबा एकटेच मॅचला नेणार असतील तर त्यांनाही बॅगेचा कोणता कप्पा ते माहीत हवं.

गुडघ्यांबद्दल थोडं. वयात येणाऱ्या मुलींना या खेळात गुडघ्याच्या आतला अस्थिबंध, एसीएल, फाटण्याचा धोका मुलग्यांपेक्षा जास्त असतो. उडी मारून नीट उतरायला शिकवणारे सुरुवातीचे व्यायाम तो कमी करतात. प्रॅक्टिसला उशिरा गेलं की नेमकं तेच बुडतं. आणि डोक्याला मार लागला तर त्या दिवशी मुलीने पुन्हा मैदानात जायचं नाही, ती स्वतः कितीही म्हणाली तरी.

आता बेंच, म्हणजे मैदानाबाहेरचा राखीव खेळाडूंचा बाक. तुमची मुलगी तिथे बसेल. शाळेत पहिली येणारी मुलगी इथे अर्धी मॅच बसते तेव्हा आपल्या पोटात काय होतं ते मला ठाऊक आहे. आपल्याला ते मार्कांसारखं वाटतं. पण हिच्या बरोबरीच्या मुली पाच-सहा वर्षांच्या असल्यापासून हातात चेंडू घेऊन वाढल्यात, आपली गेल्या हिवाळ्यात सुरू झाली. उंचीचंही तसंच. 'आपल्या मुली बुटक्या' हे वाक्य तिच्यासमोर कुणी काढू नये, आजीने व्हिडिओ कॉलवरसुद्धा नाही. चेंडू समोरच्या टोपलीकडे घेऊन जाणारी पॉइंट गार्ड सगळ्यात उंच असावी लागत नाही, तिला मैदान दिसावं लागतं. आजीला सांगायला हवंच असेल तर पुण्याच्या शिरीन लिमयेचं सांगा, मराठी मुलगी भारताच्या संघात खेळली.

मॅचनंतर लगेच कोचकडे जाऊ नका. बऱ्याच टीममध्ये चोवीस तास थांबायचा नियम असतो. सहावी-सातवीपासून तर मुलीनेच कोचला विचारावं, "मला जास्त वेळ मिळायला मी काय सुधारू?" माझ्या लेकीला हा प्रश्न विचारायला दोन महिने लागले. उत्तर मिळालं, "डाव्या हाताने ड्रिबल," म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेणं. मग तो हिवाळाभर आमच्या गॅरेजमधून चेंडूचा आवाज येत होता. गाडीत बसल्यावर तुम्ही खेळाबद्दल एकही शब्द काढू नका. "तुला खेळताना बघायला मला आवडतं" एवढं म्हणा, भूक लागली का ते विचारा. तिला बोलायचं असेल तर ती स्वतः बोलेल, बहुतेक निम्म्या वाटेवर, खिडकीबाहेर बघत.

कोच बहुतेक कुणाचे तरी आई-बाबा असतात, पगार न घेता शिकवणारे. मॅसॅच्युसेट्समध्ये मुलांबरोबर काम करणाऱ्या स्वयंसेवकांची गुन्ह्यांबद्दलची सरकारी नोंद तपासली जाते, तिला कोरी (CORI) म्हणतात. तुम्ही मदतनीस झालात तर तुमचीही होईल, त्यात अपमान नाही. एकट्या मुलीने एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद जागेत असू नये, एकटीने त्याच्या गाडीत जाऊ नये, आणि कोचने मुलीला खाजगी मेसेज न करता पालकांनाही त्यात ठेवावं. 2018 साली झालेल्या सेफ स्पोर्ट कायद्यानंतर अशा नियमांबद्दल सगळीकडे उघड बोललं जातं. तुम्हीही बोला. भीड धरू नका.

मुलीचं नाव कोचना पहिल्या दिवशी नीट उच्चारून दाखवा. हवं तर इंग्रजी अक्षरांत तोडून लिहून द्या. नाव छोटं करायचं का हे तिला ठरवू द्या, ते दुसऱ्या कुणाच्या सोयीने होऊ नये.

एखाद्या सुट्टीच्या दिवशी स्प्रिंगफील्डला जाऊन या. 1891 च्या डिसेंबरात तिथेच जेम्स नेस्मिथांनी पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. पुढच्याच वर्षी जवळच्या नॉर्थॅम्प्टनमध्ये, स्मिथ कॉलेजात, सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला. पण मैदानाचे तीन भाग केले, आणि मुलीने आपला भाग सोडायचा नाही असा नियम घातला, कारण मुलींना इतकी धाव झेपणार नाही असं तेव्हा मानत. आयोवात तर अर्ध्या मैदानातला सहा-सहा मुलींचा खेळ 1993 पर्यंत टिकला. आम्ही गेलो तेव्हा लेक सहावीत होती. परतताना तिने एवढंच विचारलं, "मग मधली रेघ ओलांडली तर काय व्हायचं?"

मार्चमध्ये युनिफॉर्म परत द्यायचा असेल तर धुऊन, गार पाण्यात, ड्रायरमध्ये न टाकता. नंबर ड्रायरच्या उष्णतेने सुटतात आणि पुढच्या वर्षी तोच शर्ट दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीला मिळणार असतो.