कॉम्प्युटरवर झुलता ठेका कसा लिहावा

कॉम्प्युटरवर ठेका लिहिणं अवघड नाही. सोळा घरं, तीन-चार ओळी, माउसनं टिचक्या मारल्या की काहीतरी वाजायला लागतं. अडतं ते पुढे. सगळे ठोके जागच्या जागी असतात, तरी ऐकणाऱ्याची मान हलत नाही. मग माणूस इंटरनेटवर उपाय शोधतो आणि दहातले नऊ जण सांगतात, ‘ह्यूमनाइझ’चं बटण दाबा. ते बटण दाबू नका. का दाबायचं नाही ते खाली येईलच, आणि लेखातली बरीचशी जागा त्यातच जाणार आहे.

मी नागपुरात भजनी मंडळांसाठी, लग्नाच्या ऑर्केस्ट्रांसाठी आणि एप्रिल जवळ आला की जयंतीच्या गाण्यांसाठी ट्रॅक करतो. त्यामुळे उदाहरणाला रॉकचा ठेका घेत नाही, आपला केरवा घेतो. सॉफ्टवेअर एफएल स्टुडिओ असो, क्यूबेस, रीपर, एबलटन लाइव्ह किंवा लॉजिक, घरं सगळीकडे सारखीच असतात. टेम्पो १०० (मिनिटाला १०० ठोके) ठेवा, हिशेब सोपा पडतो: एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा, त्याचे चार भाग केले की एक घर १५० मिलिसेकंदांचं.

आवाज लावताना नोटच्या नावावर जाऊ नका, नंबरावर जा. जनरल मिडीत, म्हणजे आवाजांना ठरलेले नंबर देणाऱ्या पद्धतीत, किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम) ३६, साइड स्टिक (काठीचा कडेवरचा ठोका) ३७, स्नेअर (काठ्यांनी वाजणारा कडक ड्रम) ३८, बंद हायहॅट (झांजांची जोडी) ४२, उघडा ४६. हाच ३६ नंबर एका सॉफ्टवेअरमध्ये ‘सी १’ दिसतो, दुसऱ्यात ‘सी २’ आणि एफएलमध्ये ‘सी ३’. उघडा आणि बंद हॅट एकाच चोक ग्रुपमध्ये टाका, म्हणजे एक वाजला की दुसरा थांबतो. ड्रमरला हात दोनच असतात हे लक्षात ठेवून एका घरात हाताचे तीन ठोके ठेवू नका. तयारी एवढीच.

आधी बोल, मग नोट

केरव्याचे आठ बोल: धा गे ना ती, न क धी न. एका बोलाला दोन घरं दिली की आवर्तन सोळा घरांत बसतं. माउसला हात लावण्याआधी हे बोल मोठ्यानं म्हणा. ठेका तोंडात नसेल तर तो डोळ्यांना दिसतही नाही. नुसत्या चौकटी दिसतात.

आता भाषांतर. ज्या बोलात डग्गा घुमतो, म्हणजे धा, गे, धी, तिथं किक. ‘ना’ला भरीव स्नेअर. ‘धी’त डग्गा आणि चाटीकडचा हात दोन्ही आहेत, म्हणून तिथं किक आणि स्नेअर एकत्र. ‘क’ दाबलेला बोल, त्याला साइड स्टिक. ‘ती’ मोकळी, तिथं हॅट किंचित उघडा. दोन्ही ‘न’ना हलकी स्नेअर, जिला घोस्ट नोट म्हणतात.

बोल: धा – गे – | ना – ती – | न – क – | धी – न –
हॅट: × – × × | × – ० × | × – × × | × – × ×
स्नेअर: – – – – | × – – – | • – – – | × – • –
स्टिक: – – – – | – – – – | – – × – | – – – –
किक: × – × – | – – – – | – – – – | × – – –

× म्हणजे भरीव, • म्हणजे हलका, ० म्हणजे उघडा हॅट. हॅटच्या ओळीत ४, ८, १२ आणि १६ ही सम घरं भरली आहेत, तिकडे लक्ष असू द्या. पुढचा सगळा खेळ त्यांच्यावर आहे.

जोर

व्हेलॉसिटी, म्हणजे ठोक्याचा जोर, १ ते १२७ असते. पियानो रोलच्या (नोट दाखवणाऱ्या खिडकीच्या) खालच्या पट्टीत तिचे उभे दांडे दिसतात, आणि ते कुंपणासारखे एका उंचीचे असतील तर प्ले दाबण्याची गरजच नाही, कसं वाजेल ते दिसतंच आहे. माझे आकडे असे: पहिली किक ११२, ‘गे’ची किक ७०, ‘ना’ १०८, ‘धी’ १०४, स्टिक ६०, घोस्ट नोट ३० ते ४०. हॅट मुख्य ठोक्यांवर, म्हणजे १, ५, ९, १३ वर ८८. ३, ७, ११, १५ वर ६४. सम घरांत ४० च्या आसपास.

चांगल्या किटमध्ये व्हेलॉसिटी बदलली की नुसता आवाज कमी-जास्त होत नाही, सॅम्पलच, म्हणजे रेकॉर्ड केलेला मूळ ठोकाच, बदलतो. कुठल्या आकड्यावर बदलतो ते एकच नोट हळूहळू वाढवत ऐकून ठरवा, आणि घोस्ट नोट त्या उंबरठ्याच्या बऱ्याच खाली ठेवा.

एक सूचना आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी. मे महिन्यात खोलीत कूलर चालू असतो आणि त्या घरघरीत ३५ ची घोस्ट नोट ऐकू येत नाही. मग ती वाढवत वाढवत ६० वर नेली जाते, आणि दुसरीकडे शांत खोलीत ऐकलं की ठेका अडखळल्यासारखा वाटतो. जोराचं काम हेडफोनवर करा, नाहीतर दहा मिनिटं घाम गाळा.

झोल: इथंच सगळे अडकतात

झोल म्हणजे ठेक्याचं झुलणं. मीही इथंच अडकलो होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

वर लिहिलेला ठेका वाजवला तर बरोबर वाजतो आणि निर्जीव वाजतो. पहिला उपाय म्हणून लोक स्विंगचं बटण फिरवतात. बटण जुनं आणि चांगलं आहे. रॉजर लिन यांच्या १९८० च्या एलएम-१ या ड्रम मशीनपासून ते चालत आलंय. पण ते काय करतं हे पाहिलं पाहिजे. सोळा घरांच्या ग्रिडवर स्विंग फक्त सम घरांतले नोट उशिरा ढकलतो. तुमच्या ठेक्यात सगळे नोट विषम घरांत असतील तर बटण कितीही फिरवा, तसूभर फरक पडणार नाही. केरव्याचे आठही बोल विषम घरांतच आहेत. म्हणून हॅटची सम घरं भरली. झोल दाखवणारं तिथं दुसरं काहीच नाही.

आता स्विंग किती? घरांची एक जोडी ३०० मिलिसेकंदांची. ५० टक्के म्हणजे १५० आणि १५०, अगदी सरळ. ६६ टक्क्यांच्या जरा पुढे २०० आणि १००, म्हणजे शुद्ध तिहेरी चाल. ढोलकीचा, भजनाचा झोल या दोघांच्या मध्ये कुठंतरी राहतो, आणि नेमका कुठं हे गाण्यागणिक बदलतं. ‘सगळीकडे ५८ टाका’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. शिवाय बटणावरचा आकडा प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळा: एमपीसी या ड्रम मशीनच्या पद्धतीत तो ५० ते ७५ जातो, काही ठिकाणी ० ते १००, आणि लॉजिकच्या यादीत तर १६ए, १६बी अशी नावं दिसतात. म्हणून आकडा उसना न घेता स्वतःच्या हातातून काढायचा.

तो असा. एका कानात क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) घ्या, टेबलावर फोन रेकॉर्डिंगला ठेवा. बोल म्हणत राहा आणि पेन्सिलनं टेबलावर फक्त हॅटची ओळ वाजवा: टिक, टिक-टिक, टिक, टिक-टिक. आठ आवर्तनं. तोंडाचा आवाजच का वापरू नये? कारण ‘न’ हळू सुरू होतो; वेव्हफॉर्ममध्ये तो नेमका कुठून चालू झाला हे दिसत नाही. पेन्सिलीचा ठोका मात्र सरळ काट्यासारखा उभा राहतो.

फाइल प्रोजेक्टमध्ये आणा. पहिली दोन आणि शेवटची दोन आवर्तनं सोडून द्या, तिथं हात स्थिर नसतो. मधल्या चारांच्या समा, म्हणजे पहिल्या घरातले ठोके, ग्रिडच्या रेषेवर येतील अशी फाइल सरकवा. मग झूम करा आणि नुसतं बघा. विषम घरांतले काटे रेषेच्या आसपास दिसतील, सम घरांतले रेषेच्या उजवीकडे सरकलेले. तिसऱ्या घराच्या काट्यापासून चौथ्याच्या काट्यापर्यंतचं अंतर मोजा. १७५ मिलिसेकंद आलं तर १७५ भागिले ३००, म्हणजे ५८ टक्के. बाराव्या आणि सोळाव्या घराशीही मोजून पाहा. आकडे एकमेकांजवळ असतील तर तो तुमचा झोल. बाराव्या घराशी कमी आणि सोळाव्याशी जास्त असं दर आवर्तनात येत असेल तर आणखी उत्तम. मग बटण सोडा आणि ते चार नोट हातानंच सरकवा.

आता ह्यूमनाइझकडे. ते बटण प्रत्येक नोट चिठ्ठी काढल्यासारखा पुढे-मागे फेकतं. पेन्सिलीच्या रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही पाहिलंच की हात रेषेपासून सरकतो, पण बहुतेक वेळा त्याच घरात आणि त्याच बाजूला सरकतो. ऐकणाऱ्याचा कान दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनात ते सरकणं ओळखतो आणि पुढच्या वेळी त्याची वाट बघतो. मान हलते ती त्या वाट बघण्यामुळे. बटणानं दर आवर्तनात वेगळंच काही केलं तर कानानं वाट कशाची बघायची? त्यात समेवर किक आणि हॅट एकत्र पडायला हवेत, ते वेगवेगळ्या दिशांना जातात आणि ठोक्याची धार बोथट होते. नुसता व्हेलॉसिटीवर दोन-चार आकड्यांचा ह्यूमनाइझ चालेल. वेळेवर नाही.

सम घरं लागली की स्नेअर. ५ आणि १३ वरची स्नेअर दहा मिलिसेकंद उशिरा बसवा, किक आणि हॅट हलवू नका. ९६० पीपीक्यूवर (एका ठोक्याचे ९६० बारीक भाग, म्हणजे टिक) एक टिक ०.६२५ मिलिसेकंदांचा, म्हणजे १६ टिक. एफएलमध्ये मुळात ९६ पीपीक्यू असतो, तिथं एक टिक सव्वासहा मिलिसेकंदांचा पडतो आणि हे बारीक काम जमत नाही. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये जाऊन तो ९६० करा. तेराव्या घरात किकच्या मागून दहा मिलिसेकंदांनी स्नेअर आली तरी दोन ठोके वेगळे ऐकू येत नाहीत, नुसती जाडी वाढते. तिसाच्या पुढे गेलात तर फाटलेलं ऐकू येईल. ७० च्या टेम्पोच्या अभंगाला मी स्नेअर वीसपर्यंत मागे नेतो. मिरवणुकीच्या १३० ला पाचच्या आत ठेवतो, आणि स्विंगही उतरवतो, कारण वेग वाढला की झोल आपोआप आखडतो.

हे सगळं कशासाठी, असं वाटत असेल तर ट्रॅकवर खरी ढोलकी वाजवून घ्या. सरळ ट्रॅकवर एका ढोलकीवाल्यानं मला तोंडावर सांगितलं होतं, “दादा, तुमचा ट्रॅक सरळ चालते, मी वाजवू कुठी?” ढोलकी झुलतेय आणि हॅट सरळ चालतोय, म्हणजे प्रत्येक सम घरात दोन वेगळ्या वेळा वाजतात, आणि मिक्समध्ये ते कितीही झाकलं तरी झाकलं जात नाही. ढोलकी आधीच रेकॉर्ड झाली असेल तर पेन्सिलीची गरज नाही, तिच्याच वेव्हफॉर्मवरून मोजा. एबलटनमध्ये, लॉजिकमध्ये, क्यूबेसमध्ये ऑडिओतून ग्रूव्ह, म्हणजे ठोक्यांच्या सरकण्याचा साचा, आपोआप काढायची सोय आहे, पण दोन-तीन ठेके हातानं मोजल्याशिवाय ती वापरू नका. ती चुकली तर कुठं चुकली हे कळणार नाही. ऑक्टापॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड) असणाऱ्यांनी थेट वाजवून घ्यावं आणि क्वांटाइझ, म्हणजे ठोके रेषेकडे ओढणं, पन्नास टक्क्यांवर ठेवावं. शंभरावर ठेवणार असाल तर माउस काय वाईट होता?

फिल आणि फाइल

दर चौथ्या आवर्तनाला तोच फिल (ठेका मोडून भरलेला तुकडा) नको. आपल्याकडे तिहाई आहे, ती ग्रिडवर फार सुंदर बसते: सलग तीन ठोके, दोन घरं मोकळी, असं तीनदा, पाचव्या घरापासून. ५-६-७, १०-११-१२, १५-१६ आणि शेवटचा ‘धा’ पुढच्या समेवर. त्या काळात हॅट बंद ठेवा. गाण्यात एकदा, फार तर दोनदा.

जयंतीच्या डीजेवर वाजणार असेल तर ‘गे’ची किक काढून टाका. मोठ्या बेसवर पहिल्या किकची शेपटी तिसऱ्या घरापर्यंत पोचते आणि दोन्ही मिळून नुसता घुमारा होतो.

किक, स्नेअर, हॅट वेगवेगळ्या फाइलींत द्या, २४ बिट. सोबत मिडी (आवाज नव्हे, नुसत्या नोटची फाइल) देत असाल तर सांभाळा: बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये स्विंग फक्त वाजवताना लागतो, फाइलीत लिहिला जात नाही. एबलटनमध्ये आधी ग्रूव्ह कमिट करावा, म्हणजे नोटमध्ये पक्का लिहावा, लागतो. एफएलच्या स्टेप सिक्वेन्सरमधला स्विंग पियानो रोलमध्ये हातानं सरकवून घेतलेला बरा. पाठवण्याआधी ती मिडी फाइल कोऱ्या प्रोजेक्टमध्ये उघडा, झूम करा आणि चौथ्या घरातला हॅट रेषेच्या उजवीकडे आहे का बघा. रेषेवरच असेल तर समोरच्या स्टुडिओत सरळ ठेका पोचणार आहे.